छापून झालेला लेख मागे घेताना

तक्रार बहुतेक वेळा तीन-चार ओळींचीच असते. ‘तुमच्या अमुक अंकातला अमुक लेख वाचला. यातली पाच-सहा पानं आधी दुसरीकडे छापून आलेली आहेत. मूळ लेख सोबत जोडला आहे.’ खाली कधी नाव असतं, कधी नसतं. निनावी पत्राची दखल घ्यायची नाही ही कार्यालयातली जुनी रीत इथे चालत नाही. पानं-ओळींसकट आरोप असेल आणि तो ताडून पाहता येत असेल, तर सही कोणाची आहे याने फरक पडत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गाइडच्या किंवा विभागप्रमुखाच्या लेखाबद्दल नावानिशी लिहिणं जवळजवळ अशक्य असतं. आणि उचललेला मजकूर सगळ्यात आधी त्यालाच ओळखू येतो, कारण पुष्कळदा तो त्याचाच असतो.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत सामाजिक शास्त्रांचे लेख छापणाऱ्या सहामाही नियतकालिकाच्या संपादनात हे काम आम्हाला करावं लागतं. लहान संपादक मंडळं या प्रसंगी गोंधळतात आणि सोपा मार्ग म्हणून वेबसाइटवरून पान गुपचूप काढून टाकतात. म्हणून कामाचा क्रम सविस्तर लिहितो आहोत.

तक्रार आली की दोन-तीन दिवसांत पोच द्यायची. पोचेत एवढंच: तक्रार मिळाली, नोंद क्रमांक अमुक, पडताळणी सुरू आहे, आपलं नाव लेखकाला कळवलं जाणार नाही. ‘योग्य ती कारवाई करू’ असं लिहायचं नाही, कारण कारवाई करावी लागेल की नाही हे अजून ठरलेलं नसतं. त्याच दिवशी मंडळातल्या सगळ्यांना विचारायचं, या लेखकाशी कोणाचा संबंध आहे का. एकच विभाग, गाइड-विद्यार्थी नातं, मागच्या तीन वर्षांत सोबत लिहिलेला लेख, यांपैकी काही असेल तर त्या संपादकाने या प्रकरणातून बाजूला व्हायचं आणि तसं नोंदवहीत लिहायचं. प्रकरण चिघळलं की पहिला हल्ला याच जागेवर होतो.

मग तुलना. इथे घाई झाली की पुढचं सगळं लंगडं पडतं.

दोन्ही फाइली सॉफ्टवेअरमध्ये टाकून टक्केवारी काढावी, पण तिच्यावर निर्णय टेकवू नये. 24 टक्के जुळणी पद्धतीच्या वर्णनात, कायद्याच्या कलमांत आणि संस्थांच्या लांबलचक नावांत विखुरलेली असेल तर लेख निर्दोष असू शकतो. आणि 8 टक्केच जुळणी निष्कर्षाच्या दीड पानात सलग असेल, तर लेखाचा गाभाच उचललेला असतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, उचलेगिरीबद्दलच्या 2018 च्या विनियमांनी जुळणीचे 10, 40 आणि 60 टक्के असे टप्पे घालून दिले. 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. तेव्हापासून ‘रिपोर्ट नऊ टक्के आहे’ हे वाक्य ढालीसारखं पुढे केलं जातं. ते टप्पे लेखकाच्या विद्यापीठाने किंवा संस्थेने द्यायच्या शिक्षेसाठी आहेत. लेख वाचकापुढे राहू द्यावा की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर टक्क्यांत मिळत नाही. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, कायदे आणि योगायोगाने जुळणारे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडे वगळायला त्याच विनियमांत सांगितलं आहे. तपासताना या सेटिंग केल्यात का ते आधी पाहावं. दोन माणसांनी एकाच लेखाचे काढलेले आकडे वेगळे येतात ते यामुळेच.

मराठी लेखांत याहून मोठा घोटाळा आहे तो फॉन्टचा. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची भेळ असते. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून फॉन्ट एरियल करा, लगेच दिसेल. ही भेळ तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली की त्याला जगात कुठेच जुळणी सापडत नाही आणि स्वच्छ शून्य टक्क्यांचा रिपोर्ट बाहेर येतो. असे शून्य टक्केवाले रिपोर्ट लेखासोबत जोडून येतात, आणि जोडणाऱ्याला बहुधा खरोखरच ठाऊक नसतं की तपासणी झालेलीच नाही. स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफचं तसंच. आत मजकूर नसतो, चित्र असतं.

म्हणून आधी युनिकोडमध्ये बदल, मग तपासणी. बदल करताना रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरं फुटतात. तेवढी पानं हाताने दुरुस्त करावी लागतात. त्यानंतरही एक बारीक खड्डा उरतोच. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. मराठीत ‘करणाऱ्या’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘पुढाऱ्यांनी’ हे शब्द ओळीओळीला येतात. दोन्ही मजकूर फाइंड-रिप्लेस करून एकाच पद्धतीवर आणल्याशिवाय सलग वाक्यं तुटक दिसतात आणि जुळणी खरी असते त्याहून कमी भरते.

मुद्दाम केलेल्या लबाड्या वेगळ्या. इंग्रजी लेखात रोमन ‘ए’च्या जागी तसंच दिसणारं रशियन लिपीतलं अक्षर बसवलेलं असतं. कधी शब्दांमधल्या जागेत पांढऱ्या रंगाची अक्षरं भरलेली असतात. सगळा मजकूर निवडून रंग काळा केला की ती उघडी पडतात. कधी समानार्थी शब्द बदलणाऱ्या यंत्रातून लेख काढलेला असतो आणि रुळलेल्या संज्ञांचं वाटोळं झालेलं असतं. 2021 मध्ये काही संशोधकांनी विज्ञानाच्या लेखांतले असे पिळवटलेले शब्दप्रयोग गोळा केले. त्यात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ झालेलं होतं. अशी एक संज्ञा सापडली की थांबून सगळा लेख पुन्हा वाचावा.

भाषांतर करून उचललेला मजकूर कुठलंही सॉफ्टवेअर धडपणे पकडत नाही. तिथे जाणता डोळाच लागतो. इंग्रजी ग्रंथातला परिच्छेद यंत्राने मराठीत आणला की स्थळांची नावं बोलतात. रायगड-सातारा जिल्ह्यांबद्दल लिहिणारा मराठी माणूस महाडला ‘महद’ म्हणत नाही, वाईचं ‘वाय’ करत नाही. तळटीपांचा क्रम तोच, उदाहरणांचा क्रम तोच, मूळ लेखकाने एका आवृत्तीचा पृष्ठक्रमांक चुकवला असेल तर तीच चूक. चुका हा सगळ्यात भक्कम पुरावा. दोन माणसं स्वतंत्रपणे तोच खरा निष्कर्ष काढू शकतात. पण दोघांच्याही तक्त्यात तिसऱ्या ओळीची बेरीज 100 ऐवजी 97 भरते, आणि तीही त्याच गावांच्या नावांसमोर, हे आपोआप होत नाही.

तुलनेचा तक्ता हाताने करायचा. दोन रकाने: डावीकडे आधीचा लेख, उजवीकडे आपला. प्रत्येक उताऱ्याला पान आणि ओळ. शब्दशः जुळतं ते पिवळं, थोडे शब्द बदललेलं हिरवं, आकडे आणि तक्ते गुलाबी. तुलनेला साक्षीदार लागतो, म्हणून दुसऱ्या संपादकाने पहिल्याचा तक्ता न पाहता आपला वेगळा करावा आणि मग दोन्ही ताडून पाहावेत. बारा पानी लेखाला एका माणसाचे दोन पूर्ण दिवस जातात. ते द्यावेत. पुढची सगळी पत्रं, संस्थेची चौकशी, वेळ आलीच तर वकिलाची नोटीस, सगळं या तक्त्यावरच उभं राहतं.

यानंतर लेखकाला पत्र. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, म्हणजे सगळे जिला ‘कोप’ म्हणतात ती संस्था, 1997 मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांनी सुरू केली. तिचे प्रवाहतक्ते प्रत्येक संपादकाने छापून भिंतीला लावावेत असे आहेत. त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला पुराव्यासह लेखी विचारणा, उत्तर नाही आलं तर बाकीच्या लेखकांना, तरीही नाही तर लेखकाच्या संस्थेला. आम्ही एक पायरी बदलतो. पहिलं पत्रच सगळ्या सहलेखकांना एकदम पाठवतो. पत्ता लेखावर छापलेल्या ईमेलवर विसंबून घेत नाही, विभागाच्या पानावरून काढतो, कारण सहलेखकांचे म्हणून दिलेले सगळे ईमेल एकाच माणसाच्या हातात असल्याचं आढळतं.

पत्राची भाषा विचारणेची असावी, आरोपाची नाही. ‘सोबतच्या तक्त्यातल्या उताऱ्यांमधलं साम्य कसं आलं याचा खुलासा 21 दिवसांत करावा.’ बस. ‘चोरी’, ‘फसवणूक’ हे शब्द नकोत. पानांवर काय जुळतं ते आपल्याला दिसतं, मनात काय होतं ते दिसत नाही. बदनामीचं कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं 356, लक्षात ठेवूनच प्रत्येक वाक्य लिहावं.

खुलासे ठराविक असतात. ‘विद्यार्थ्याने टाइप केलं, संदर्भ राहून गेले.’ ‘तो आधीचा लेखही माझाच आहे.’ हे दुसरं खरं असलं तरी वाचकाला ते सांगितलेलं नसेल तर तोच लेख दोनदा छापला गेला, आणि एका कामाचे दोनदा गुण मिळाले. तिसरा खुलासा सगळ्यात वाईट: ‘माझं नाव त्यात आहे हेच मला माहीत नव्हतं.’ सहलेखक हे लिहितो तेव्हा तो स्वतःला सोडवत असतो, पण लेखकत्वच खोटं होतं असं कबूलही करत असतो. लेखक म्हणून नाव लागण्यासाठी वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा महत्त्वाच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. विभागप्रमुख आहे म्हणून नाव, प्रयोगशाळा वापरू दिली म्हणून नाव, हे यात कुठेच बसत नाही. आम्ही आता लेख स्वीकारतानाच प्रत्येकाने काय केलं ते क्रेडिट या लेखकांचा वाटा नोंदवायच्या पद्धतीतल्या 14 भूमिकांनुसार लिहून घेतो आणि लेखाखाली छापतो. प्रत्येक लेखकाला वेगळा ईमेल जातो आणि प्रत्येकाचा होकार वेगळा यावा लागतो. एवढ्या एका गोष्टीने अर्धी भांडणं दारातच थांबतात.

खुलासा पटला नाही, किंवा आलाच नाही, तर संस्थाप्रमुखाला पत्र. नियतकालिक हे न्यायालय नाही. नोंदवह्या, क्षेत्रकार्याच्या वह्या, मुलाखतींच्या ध्वनिफिती मागवायचा अधिकार आपल्याला नाही, संस्थेला आहे. यूजीसीच्या विनियमांनुसार अशा तक्रारी तपासणारी विभागात डीएआयपी आणि संस्थेत आयएआयपी अशी पॅनेल असायला हवीत आणि प्रत्येकाने 45 दिवसांत अहवाल द्यायचा आहे. पत्रात या तरतुदीचा उल्लेख करावा, नाहीतर पत्र ‘पुढील कार्यवाहीस्तव’ एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतं. आकडे बनावट असल्याचा संशय असेल तर संस्थेच्या अहवालाची वाट पाहावीच लागते. मजकूर उचलल्याचं प्रकरण असेल आणि दोन्ही लेख समोर असतील, तर वाट पाहत बसायचं कारण नाही. तक्ता पुरेसा आहे.

निर्णयाचे तीन पर्याय. चूक प्रामाणिक आणि मर्यादित असेल, निष्कर्ष उभा राहत असेल, तर शुद्धिपत्र. पुरावा गंभीर पण अपुरा असेल आणि चौकशी लांबणार असेल, तर साशंकतेची सूचना. इंग्रजीत तिला एक्सप्रेशन ऑफ कन्सर्न म्हणतात आणि आपल्याकडे ती फारशी कोणी वापरत नाही. खरं तर चौकशी रेंगाळते तेव्हा वाचकाला सावध करण्याचा तोच एक मार्ग हाताशी असतो. आणि मजकूर दुसऱ्याचा असेल, आकडे विश्वासार्ह नसतील, समीक्षा बनावट असेल, संमतीशिवाय माणसांवर संशोधन केलं असेल, तर लेख मागे घ्यायचा. लेखकांमध्ये फक्त नावांच्या क्रमावरून वाद असेल आणि काम खरं असेल तर लेख मागे घेत नाहीत.

लेखक राजी नसला तरी संपादक लेख मागे घेऊ शकतो. हे पुष्कळांना पटत नाही, कारण लेख मागे घेणं म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसलेलं आहे. शिक्षा द्यायचं काम संस्थेचं. आपण वाचकाला सांगत असतो की यावर विसंबू नका. उशीर झाला की त्याची किंमत वाचक भरतो. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध जोडणारा ‘द लॅन्सेट’मधला 1998 चा लेख मागे घ्यायला फेब्रुवारी 2010 उजाडला. त्याच ‘लॅन्सेट’ने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा 22 मे 2020 चा लेख 4 जूनला मागे घेतला, कारण मूळ आकडे तपासायला मिळत नाहीत हे लेखकांनीच कबूल केलं होतं. पहिल्याला 12 वर्षं, दुसऱ्याला 13 दिवस.

सूचनेचा मजकूर हा या सगळ्या कामाचा केंद्रबिंदू. आम्ही वापरतो तो साचा असा (डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक):

‘मागे घेतला: [लेखाचं पूर्ण शीर्षक, सर्व लेखकांची नावं, खंड, अंक, पृष्ठे, डीओआय]. हा लेख संपादक मंडळ मागे घेत आहे. लेखातील पृष्ठ 43 ते 48 वरील मजकूर आणि तक्ता क्र. 2 हे [आधीच्या लेखाचा पूर्ण संदर्भ] या लेखाशी शब्दशः जुळतात, आणि त्या लेखाचा उल्लेख येथे केलेला नाही. ही बाब एका वाचकाने निदर्शनास आणली. लेखकांना खुलासा विचारण्यात आला. पहिल्या लेखकाने या निर्णयाशी असहमती कळवली आहे, दुसऱ्या लेखकाने सहमती. मूळ लेख नोंदीसाठी तसाच ठेवला आहे. दिनांक.’

कोण मागे घेतंय, का, कुठली पानं, लेखकांचं म्हणणं काय, एवढं आलं की सूचना पुरी. ‘तांत्रिक कारणास्तव’, ‘प्रशासकीय अडचणीमुळे’ हे शब्द लिहिले की प्रामाणिक चूक झालेला लेखक आणि उचलेगिरी केलेला लेखक एकाच ओळीत उभे राहतात. स्वतःहून चूक कळवणाऱ्या लेखकावर तर हा मोठाच अन्याय. अशा वेळी ‘लेखकांनीच ही चूक लक्षात आणून दिली’ हे वाक्य सूचनेत आवर्जून घालावं. ‘अनवधानाने’ हाही शब्द टाळावा, कारण ते आपल्याला ठाऊक नसतं.

आता यंत्रावरचं काम. बहुतेक लहान नियतकालिकं ओजेएस या नियतकालिकं चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतात. तिथे ‘अनपब्लिश’ दाबलं की पान नाहीसं होतं आणि डीओआयवर क्लिक करणारा रिकाम्या दारात उभा राहतो. ते दाबायचं नाही. ‘क्रिएट न्यू व्हर्जन’ घ्यायचं. शीर्षकाच्या सुरुवातीला ‘मागे घेतला:’ आणि इंग्रजी शीर्षकात ‘रिट्रॅक्टेड:’ जोडायचं. पीडीएफच्या प्रत्येक पानावर तिरपा, फिकट लाल वॉटरमार्क टाकायचा. फक्त पहिल्या पानावर टाकला तर झेरॉक्स काढणारा नेमकी बाकीची पानं काढतो. वॉटरमार्क मजकूर झाकेल इतका गडद नको, लेख वाचता आला पाहिजे. सूचना स्वतंत्र लेख म्हणून, स्वतःच्या डीओआयसह, चालू अंकात घ्यायची आणि ती सगळ्यांना फुकट वाचता यावी. क्रॉसरेफमध्ये, म्हणजे डीओआयची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, सूचनेच्या नोंदीतून मूळ डीओआयकडे दुवा जोडताना प्रकार ‘रिट्रॅक्शन’ निवडायचा. हा एक रकाना रिकामा राहिला तर वेबसाइटवर सगळं नीट दिसूनही बाहेरच्या कुठल्याच यंत्रणेला पत्ता लागत नाही. छापील अंक असेल तर अनुक्रमणिकेत सूचनेला स्वतःची ओळ आणि पृष्ठक्रमांक द्यावा. मलपृष्ठाच्या आतल्या कोपऱ्यातली चौकट ग्रंथपालाच्या नजरेला पडत नाही. वर्गणीदार ग्रंथालयांना वेगळं पत्र जातं, सोबत लेखाच्या पहिल्या पानावर चिकटवायची छापील चिठ्ठी.

पान काढूनच टाकायचं अशी वेळ क्वचित येते: न्यायालयाचा आदेश, एखाद्याची खाजगी माहिती उघडी पडणं, कोणाच्या जिवाला धोका. तेव्हाही शीर्षक, लेखकांची नावं आणि काढण्याचं कारण त्या पत्त्यावर राहतं.

गुपचूप काढण्यामागे भीती असते, हे आम्ही समजू शकतो. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी होती तोवर मागे घेतलेला लेख दिसला तर आपण यादीतून जाऊ अशी धास्ती संपादकांना होती. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. पारखणाऱ्याने मागे घेतलेल्या लेखांचं पान आहे का, सूचना नीट लिहिली आहे का, हे पाहावं. अनेक वर्षं चालणाऱ्या नियतकालिकात एकही दुरुस्ती नसेल तर आम्हाला त्याची काळजी वाटते.

लेख मागे घेतल्यावरही त्याचे संदर्भ दिले जातात. 2023 पासून रिट्रॅक्शन वॉचची मागे घेतलेल्या लेखांची नोंदसूची क्रॉसरेफकडे खुली आहे, आणि झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर मागे घेतलेल्या लेखावर लाल पट्टी दाखवतं. पण डीओआय नसलेले मराठी लेख या जाळ्यात येतच नाहीत. त्यामुळे आम्ही त्या लेखाचा संदर्भ देणारे आमचेच जुने लेख हाताने शोधतो आणि त्यांच्या लेखकांना कळवतो. त्यातला कोणाचा युक्तिवाद त्या एका लेखावरच उभा असेल तर त्यालाही शुद्धिपत्राची संधी देतो. नव्या लेखांच्या संदर्भसूच्या छापण्याआधी मागे घेतलेल्यांच्या यादीशी ताडून बघतो. अंकामागे साधारण अर्धा दिवस लागतो.

नोंदवहीत प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा रकाना ‘संस्थेचं उत्तर’ असा आहे. तो बहुधा रिकामाच असतो. उत्तर येईपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी विचारत राहा असं कोपचा तक्ता सांगतो. आमचा अंक वर्षातून दोनदा छापखान्यात जातो, त्याच आठवड्यात रिकाम्या रकान्यांची स्मरणपत्रंही जावक होतात, आधीच्या सगळ्या पत्रांचे क्रमांक आणि तारखा घालून.